सुभेदार रामजी

डॉ. भीमराव आंबेडकर यांचे नाव आपल्या देशात कोणास ठाऊक नाही? भारतीय संविधानाचे शिल्पकार आणि थोर विद्वान म्हणून सारे जग त्यांना ओळखते. परंतु त्यांच्या विद्येचा पाया ज्यांनी कष्टाने घातला, त्या त्यांच्या वडिलांची माहिती फार थोड्यांना असते. त्यांचे नाव रामजी मालोजी सकपाळ.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबवडे. त्यांचा जन्म महार कुटुंबात झाला. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत. सार्वजनिक पाणवठ्यावर त्यांना पाणी भरू देत नसत, देवळाची पायरी चढू देत नसत आणि शाळेचे दारही त्यांच्यासाठी बहुधा बंदच असे. मात्र रामजींचे वडील मालोजी सैन्यात होते. त्यांच्यामागून रामजीही सैन्यात शिरले. सैन्यातील लोकांना व त्यांच्या मुलांना शिक्षण मिळत असे. रामजींनी या संधीचे सोने केले. ते मराठी उत्तम शिकले, इंग्रजीही चांगले शिकले. पुढे सैन्यातील शाळेत त्यांनी सुमारे १४ वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले आणि सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत ते चढले.

त्यांच्या पत्नीचे नाव भीमाबाई. या दांपत्याला १४ अपत्ये झाली; पण त्यांतील बरीच लहानपणीच दगावली. मागे राहिली ती बाळाराम, आनंदराव व भीमराव ही तीन मुले आणि मंजुळा व तुळसा या दोन मुली. भीमराव हे चौदावे अपत्य. रामजींची पलटण मध्य भारतातील महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला.

थोड्याच वर्षांत रामजी निवृत्त झाले. प्रथम ते कोकणात दापोलीस राहिले आणि मग नोकरीच्या निमित्ताने साताऱ्यास आले. तेथे १८९६ च्या सुमारास भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. रामजींची बहीण मीराबाई हिने मुलांचा सांभाळ केला.

रामजी कबीरपंथी होते. ते मद्याला शिवत नसत, मांसाहार करीत नसत. कितीही काम असो, सायंकाळची प्रार्थना ते कधी चुकवीत नसत. त्या वेळी घरातील प्रत्येक मुलाने हजर राहिलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक असे. कबीराची भजने आणि मराठी संतांचे अभंग त्यांना मुखोद्गत होते. मुलांकडून ते रामायण आणि महाभारतही वाचून घेत. एकदा भीमरावांनी त्यांना विचारले की, ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांना हीन लेखले आहे, ते ग्रंथ आपण का वाचावेत? रामजी रागावले नाहीत. आपण अस्पृश्य आहोत या जाणिवेने मुलांच्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे. तो जावा म्हणून हे वाचन आहे, असे त्यांनी सांगितले. द्रोण व कर्ण सामान्य स्थितीतून केवढे मोठे झाले, कोळी असलेल्या वाल्मीकीने रामायण कसे रचले, हे त्यांनी दाखवून दिले. या उत्तराने मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही. परंतु प्रश्न विचारण्याची मोकळीक त्याला त्याच घरात मिळाली.

रामजींच्या हयातीत मुलांना अपमानाचे कडू घोट अनेकदा गिळावे लागले. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यात रोखपालाचे काम करीत होते. दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून तेथे सरकार तलाव बांधीत होते. सुट्टीत मुलांना भेटीस बोलवावे म्हणून त्यांनी पत्र लिहिले. मुले नवे कपडे घालून आनंदाने आगगाडीत बसली आणि मसूर स्थानकावर उतरली. पण त्यांना न्यावयास कोणीच आले नव्हते. मुलांनी येण्याचे कळविलेले पत्र शिपायाने रामजींना सांगितलेच नव्हते. मुलांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला. परंतु गाडी मुलांनीच हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, अशी अट त्याने घातली. जवळ अन्न होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. रात्र तशीच काढून दुसऱ्या दिवशी मुले वडिलांपाशी पोहोचली. त्यांना अचानक समोर पाहून रामजी थक्क झाले. मुलांच्या जिवावर बेतलेला तो प्रवास भीमराव जन्मभर विसरले नाहीत.

पुढे रामजींनी दुसरा विवाह केला. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहानग्या भीमाचे मन दुखावले. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने ठरविले. भाड्यासाठी त्याने झोपलेल्या आत्याच्या कनवटीची पिशवी चोरली. परंतु तीत निघाला अवघा अर्धा आणा! तो ओशाळला. आता असा मार्ग धरायचा नाही, मन लावून अभ्यास करायचा आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असा त्याने निश्चय केला.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीत त्यांना एकच खोली होती. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच भांडीकुंडी आणि सरपण, तेथेच सर्वांचे निजणे. अशा जागेत अभ्यास कसा व्हावा? रामजींनी यावर उपाय काढला. ते मुलाला रात्री लवकर झोपायला लावीत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोन वाजले की मुलाला उठवीत आणि मग त्याच जागी आपण अंग टाकीत. उशाशी जाते, पायाशी शेळी, आणि समोर मिणमिणता दिवा. अशा स्थितीत भीमराव पहाटेपर्यंत वाचीत बसत.

रामजींनी स्वतः मुलाला तर्खडकरांची भाषांतरमाला आणि हॉवर्डचे इंग्रजी व्याकरण शिकविले. भीमरावांना पाठ्यपुस्तकांबाहेरील ग्रंथांचे मोठे वेड होते. मुलाने एखादे पुस्तक मागितले की रामजी ते आणून देत. जवळ पैसे नसले, तर मुंबईत नांदणाऱ्या आपल्या मुलींकडे जात. मुलीपाशीही पैसे नसले, तर ती आपला दागिना काढून देई. रामजी तो सावकाराकडे गहाण ठेवीत, पुस्तक विकत घेत आणि पेन्शन हाती येताच दागिना सोडवून मुलीला परत करीत.

या कष्टांना फळ आले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजातील मुलासाठी हा मोठाच मान होता. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाविद्यालयाच्या शिक्षणासाठी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि भीमराव पदवीधर झाले.

१९१३ च्या आरंभी भीमराव बडोदे संस्थानात नोकरीस गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तातडीने निघाले. वाटेत सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते खाली उतरले आणि गाडी सुटून गेली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले, तेव्हा रामजींचा प्राण जणू त्यांच्यासाठीच अडला होता. त्यांनी मुलाला डोळे भरून पाहिले, थरथरता हात त्याच्या पाठीवरून फिरविला आणि डोळे मिटले. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी भीमराव उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. पण तो दिवस पाहायला वडील उरले नव्हते.

१९२३ साली भीमरावांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. रामजींनी मुलासाठी धनदौलत मागे ठेवली नाही. त्यांनी ठेवला तो सायंकाळच्या प्रार्थनेचा संस्कार आणि ग्रंथांची गोडी. आणि रात्री दोन वाजता मुलाच्या हाती दिलेला तो मिणमिणता दिवा पुढे लक्षावधी लोकांच्या वाटेवर प्रकाश पाडणारा ठरला.