कर्वे अण्णांची पदवी आणि सरकारचा शिक्का

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या घराघरांत एकच चर्चा. कुठली शाखा घ्यायची, ती पदवी सरकारदरबारी चालते का, पुढे नोकरी मिळेल का? मैत्रिणींनो, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या विद्यापीठातल्या मुलींना हा प्रश्न तब्बल तेहतीस वर्षं छळत होता.

परीक्षेच्या नियमांचा चटका अण्णांना लहानपणीच बसला होता. कोकणातल्या मुरुडचा हा मुलगा १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून, शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेला. तिथे साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वय कमी दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही! झालं, आल्या पावली परत. पुढे मात्र ते गणित घेऊन पदवीधर झाले आणि फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक झाले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. याच आपल्या बाया कर्वे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, तो पुढे हिंगण्याला गेला.

जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांच्या वाचनात आली आणि १९१६ साली त्यांनी खास बायकांसाठी विद्यापीठ काढलं. मुली किती? पाच! शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून, शिवाय गृहजीवनशास्त्र आणि आरोग्य. मॅट्रिकऐवजी स्वतःची प्रवेशपरीक्षा. पदवीचं नावही आपलंच, गृहीतागमा. मुलींना वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम शिक्षण, अशी टीका झाली. ती अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही. स्वयंपाक काय फक्त मुलींनीच शिकायचा? पण इंग्रजीच्या धाकाने ज्यांचं शिक्षण सुटलं असतं, त्यांना हे दार उघडं झालं, हेही तितकंच खरं.

अडचण एकच, सरकारची मान्यता नव्हती. गृहीतागमा झालेली बाई शिकलेली खरी, पण सरकारी हिशेबात तिच्या पदवीला किंमत नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. पैसा आला, तरी शिक्का नाही तो नाहीच. सत्तरी ओलांडलेले अण्णा विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, जपान फिरून आले.

अखेर १९४९ साली मुंबई राज्याच्या विधिमंडळाने या विद्यापीठासाठी कायदा केला. अण्णा तेव्हा ९१ वर्षांचे होते. प्रत्यक्ष वैधानिक दर्जा मिळाला १९५१ मध्ये. संस्थेसाठी दारोदार वर्गणी गोळा करणाऱ्या बाया मात्र १९५० सालीच गेल्या होत्या.

अण्णांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचं वय १०४ होतं.