टेन्शन ध्यानचंदनाही यायचं!

मित्रांनो, गॅदरिंगची फायनल मॅच असो की व्हायवा, आदल्या रात्री होस्टेलवर सगळे एकमेकांना सांगत असतात की टेन्शन घेऊ नकोस. जणू मोठ्या माणसांना टेन्शन येतच नाही! हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचं आयुष्य पाहिलं की हा गैरसमज दूर होतो.

२९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादला त्यांचा जन्म झाला. वडील सैन्यात होते, पुढे कुटुंब झाशीला स्थायिक झालं. १९२२ साली ध्यानसिंग स्वतः सैन्यात भरती झाले आणि तिथेच हॉकीचं वेड लागलं. ड्यूटी संपल्यावर चंद्राच्या उजेडात सराव करायचे म्हणून त्यांना ‘चंद’ हे नाव पडलं, असं सांगतात.

१९२८ च्या ऑलिंपिकला निघालेला भारतीय संघ मुंबईत स्थानिक संघाकडून ३-२ असा हरला. बोटीवर निरोप द्यायला आली फक्त तीन माणसं! पण त्याच संघाने अॅमस्टरडॅमला सुवर्णपदक जिंकलं. अंगावर एकही गोल न घेता! ध्यानचंद यांचे १४ गोल झाले. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं धुतलं.

एकदा जिंकायची सवय लागली की हरण्याची भीती जास्त वाटते. १९३६ ला बर्लिनला ध्यानचंद कॅप्टन होते. १७ जुलैला जर्मनीविरुद्ध सरावाचा सामना झाला आणि भारत ४-१ असा हरला. हा सामना आपण जन्मात विसरणार नाही, असं त्यांनी नंतर आत्मचरित्रात लिहिलं. मनाला तो किती लागला असेल, बघा!

पण ते नशिबाला दोष देत बसले नाहीत. त्याच रात्री मॅनेजरांसोबत बसून नेमकं कुठे कमी पडलो ते शोधलं. इनसाइड-राइटची जागा कच्ची होती. लगेच भारतातून अली दारा यांना बोलावून घेण्याचं ठरलं. दारा विमानाने सेमीफायनलच्या आधी पोचले. त्या सामन्यात फ्रान्सवर १०-० असा विजय मिळाला.

फायनल पुन्हा जर्मनीशीच. पावसामुळे ती १४ ऐवजी १५ ऑगस्टला गेली, म्हणजे टेन्शनला आणखी एक दिवस! ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांच्या डोक्यात तो जुना पराभव होता. तेव्हा पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. ब्रिटिशांच्या राज्यात खेळणाऱ्या त्या पोरांनी त्याला सॅल्यूट केला आणि मैदानात उतरली.

हाफ टाइमला स्कोअर फक्त १-० होता. मैदान ओलं होतं. ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढले, साधे रबरी तळाचे बूट घातले आणि दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा वेग वाढला. गोलकीपरशी टक्कर होऊन दात पडला, तरी उपचार घेऊन ते परत आले. शेवटी भारत ८-१ ने जिंकला. त्या पूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला तो एकच गोल!

१९५६ मध्ये ते सैन्यातून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. नंतर पतियाळाला त्यांनी कोचिंग केलं. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. २९ ऑगस्ट हा आपला राष्ट्रीय क्रीडा दिन त्यांच्याच नावाने आहे.

तेव्हा दोस्तहो, पोटात गोळा आला म्हणून लाजू नका. आपलं ‘इनसाइड-राइट’ कुठलं, ते त्याच रात्री शोधा. एखादा दारा शेजारच्या रूममध्येही असतो, त्याला हाक मारायला कसली लाज? आणि बूट घसरत असतील तर हाफ टाइमलाच काढून टाका!