जॉन रीथ आणि ब्रिटनची नभोवाणी

नभोवाणीचा आवाज खेड्यापाड्यांतही पोंचला; परंतु ह्या आवाजाचा धनी कोण असावा, हा प्रश्न ब्रिटनमध्यें ज्या पुरुषानें सोडविला तो एका पाळकाचा मुलगा होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

जॉन रीथ ह्यांचा जन्म सन १८८९ मध्यें स्कॉटलंडांतील स्टोनहेवन येथें झाला. वडील ग्लासगो शहरांत प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. सात भावंडांत जॉन सर्वांत धाकटे. विद्यापीठांत न पाठवितां वडिलांनीं त्यांस आगगाडीचीं एंजिनें बनविणाऱ्या कारखान्यांत उमेदवारीस ठेविलें, ह्याचें शल्य त्यांच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. १९१५ सालीं फ्रान्सच्या रणांगणावर त्यांच्या गालास गोळी लागली व तो व्रण जन्मभर राहिला.

१९२२ सालीं बिनतारी यंत्रें बनविणाऱ्या कारखानदारांनीं लंडनमध्यें ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढिली. जाहिरात वाचून रीथ ह्यांनीं अर्ज केला, तेव्हां हें काम काय असतें हेंही त्यांस नीट माहीत नव्हतें! तरी अल्पकाळांतच त्यांचें मत ठाम झालें. यंत्र बाळगणाऱ्या प्रत्येक घरानें वर्षास १० शिलिंग परवाना फी द्यावी, त्यावर काम चालावें. जाहिरातदारांचा पैसा घेऊं नये. आणि कारभार सरकारी खात्याच्या हातीं नसून राजसनदेनें स्थापिलेल्या विश्वस्त मंडळाकडे असावा. १९२७ च्या १ जानेवारीस तसेंच झालें. रविवारीं उपासनेच्या वेळीं कार्यक्रम बंद ठेवीत, आणि १९२८ पासून रोज सकाळीं प्रार्थना प्रसृत होऊं लागली. लोकांस जें आवडतें तेंच द्यावें, हें त्यांस मान्य नव्हतें.

परंतु खरी कसोटी त्याआधींच, मे १९२६ मध्यें, लागली होती. खाणींतील मजुरांच्या पाठिंब्यासाठीं देशभर संप झाला; वर्तमानपत्रें बहुतेक बंद पडलीं; लोकांस बातमी नभोवाणीवरच मिळे. चर्चिल ह्यांच्या मतें सरकारनें ती ताब्यांतच घ्यावी. अशा वेळीं कँटरबरीचे आर्चबिशप डेव्हिडसन ह्यांनीं मजूर, सरकार व खाणमालक ह्या तिघांनींही मागें सरून समेट करावा, असें आवाहन लिहून पाठविलें. रीथ ह्यांनीं तें त्या वेळीं प्रसृत होऊं दिलें नाहीं. संप मिटण्याच्या आदल्या दिवशीं मात्र तें ऐकविलें. विरोधी पक्षाचे मॅकडोनल्ड ह्यांसही बोलूं दिलें नाहीं. पंतप्रधान बॉल्डविन ह्यांचें भाषण तर रीथ ह्यांच्याच घरून झालें. पाळकाच्या मुलानें समेटाचा शब्द अडवून धरिला, हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हीं पुस्तक क्षणभर मिटून ठेविलें. संस्था वांचावी म्हणून त्यांनीं असें केलें, ही अडचण आम्हांस कळते. तरी त्यांस निर्दोष म्हणवत नाहीं.

दुसऱ्यांच्या वर्तनाविषयीं ते फार कडक असत. प्रमुख एंजिनियर एकर्सली ह्यांस घटस्फोटाच्या प्रकरणावरून १९२९ मध्यें जावें लागलें. रीथ ह्यांच्या मृत्यूनंतर १९७५ सालीं त्यांच्या रोजनिशा छापून निघाल्या; त्यांत द्वेष, मत्सर, हिटलरच्या धडाडीचें कौतुकही आढळतें.

आपल्या देशाशींही ह्या कथेचा धागा आहे. १९३५ मध्यें हिंदुस्थान सरकारच्या नभोवाणीचे नियंत्रक म्हणून आलेले लायनेल फील्डन हे रीथ ह्यांच्याच हाताखालचे.

१९३६ च्या डिसेंबरांत आठव्या एडवर्डनीं राज्यत्यागाचें भाषण केलें, तेव्हां श्रोत्यांस त्यांची ओळख रीथ ह्यांनीं स्वतःच्या आवाजांत करून दिली. १९३८ सालीं त्यांनीं संस्था सोडली, त्या वेळीं परवान्यांची संख्या ८० लक्षांवर गेली होती. पुढें युद्धकाळांत ते मंत्री झाले; १९४२ मध्यें चर्चिलनीं त्यांस काढून टाकिलें. नवीं शहरें कशीं वसवावीं हें ठरविणाऱ्या समितीचे ते १९४५ मध्यें अध्यक्ष झाले व हेमेल हेम्पस्टेडच्या उभारणीचें काम त्यांनीं पाहिलें. एवढें असूनही आपल्या शक्तीजोगें काम मिळालें नाहीं, ही खंत त्यांस अखेरपर्यंत जाळीत राहिली. १९७१ च्या जून महिन्यांत एडिंबरो येथें ते वारले.