पाणी आणणारा वजीर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मराठीतून लेख लिहायचा म्हणजे जरा टेन्शनच! शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात ही विनंती.

थर्ड इयरला आमच्या ग्रुपला मिनी-प्रोजेक्ट मिळाला : एका छोट्या गावाची पाणीपुरवठा योजना सुधारायची. आम्ही वाढीव लोकसंख्या काढली, माणशी 135 लिटर धरले, मोठा पंप टाकला, उंच टाकी दाखवली, झालं. लाईट गेली तर गावाने काय करायचं, असं सरांनी विचारलं आणि आम्ही चौघी एकमेकींकडे बघत बसलो. (लाईट गेली की बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्याही आम्हीच!) सर म्हणाले, आधी मलिक अंबर वाचून या.

मला वाटलं, इतिहासाचा माणूस सिव्हिलवाल्यांना काय कामाचा? पण वाचत गेले आणि मेसची वेळ टळून गेली.

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या एका मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, आणि विकत विकत तो पोचला थेट आपल्या नगरला! निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीजखानही मूळचा हबशी गुलामच. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. काही वर्षं विजापूरकरांकडे चाकरी करून तो परत आला. 1600 मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, निजामशाही संपली. अंबरने दुसऱ्या मुर्तजाला परांड्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं राज्य स्वतः चालवलं. जहांगीर बादशहा त्याच्या नावाने नुसता चडफडायचा. जमीन मोजून सारा ठरवायची त्याची पद्धतही प्रसिद्ध आहे, पण मी पाण्याकडे वळते.

नगर शहरात निजामशाहीच्या काळापासून कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा बाजूंनी नहरी येत होत्या आणि आत खापरी नळ होते. ऐन तारुण्यात अंबरने हे रोज पाहिलं असणार, असा माझा अंदाज. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली (पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर). तिथे पाणी नव्हतं. त्याने उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखाली गोळा केलं आणि बोगद्यातून नुसत्या उताराने शहरात आणलं. साफसफाईला मध्ये मध्ये मॅनहोल, गावात खापरी नळ, आणि वाटेत दगडी मनोरे. मनोऱ्यात पाणी वर चढून खाली उतरतं, त्यामुळे नळात अडकलेली हवा निघून जाते. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर न देता हे सगळं! डम्पी लेव्हल तरी कुठे होती?

आता मला खटकलेली गोष्ट. नगरपासून जवळच भातोडी आहे. तिथला तलाव मुर्तजाचा वजीर सलाबतखान याने बांधलेला. 1624 मध्ये मोगल आणि विजापूरची फौज मिळून चालून आली, तेव्हा अंबरने त्या तलावाचा बांध फोडला. वाटा चिखलात बुडाल्या, फौज अडकली आणि त्याने मोठी लढाई जिंकली. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. लढाई म्हणून जबरदस्त! पण त्या तलावाच्या पाण्यावर कुणाची तरी शेती असेलच ना? एका गावाला पाणी देणारा माणूस दुसऱ्याचा बांध फोडतो, हे मला अजून पचलेलं नाही. रूममेटचं म्हणणं, राज्यच गेलं असतं तर तलाव घेऊन काय करायचं होतं? यावर आमचं दोन रात्री भांडण झालं.

1626 मध्ये अंबर वारला, खुलदाबादला त्याची कबर आहे. दहाच वर्षांत, 1636 मध्ये, निजामशाही संपली. नहर मात्र पुढे शतकानुशतकं वाहत राहिली.

आम्ही प्रोजेक्टचा नकाशा पुन्हा काढायला घेतला. गावाच्या वरच्या अंगाला एक जुना पाझर तलाव आहे, आम्ही तो आधी बघितलाच नव्हता! पातळी मोजली तर टाकीपेक्षा अकरा मीटर वर निघाली. पंप अजून नकाशात आहे, पण लहान झालाय.