विश्वाचे घरटे

रवींद्रनाथ ठाकूर हे नाव उच्चारताच शुभ्र दाढी आणि पायघोळ झगा असलेली एका महाकवीची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. 'गीतांजली'चे ते कवी; आपल्या राष्ट्रगीताचे ते रचनाकार. परंतु या कवीने आयुष्याची चाळीस वर्षे एक शाळा चालविली आणि त्या शाळेसाठी आपले जवळजवळ सर्वस्व वेचले, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. परक्या माणसाला आपलेसे कसे करावे, आणि आपलेसे केल्यावरही त्याच्या अन्यायापुढे मान कशी वाकवू नये, याचा धडा त्या शाळेने दिला.

रवींद्रनाथांचा जन्म 7 मे 1861 रोजी कोलकात्यातील जोडासाँको येथील वाड्यात झाला. त्यांचे वडील देवेंद्रनाथ यांना लोक आदराने महर्षी म्हणत. घरात संगीत, नाटक आणि काव्य यांचे वातावरण होते. पण शाळेच्या चार भिंतींत मात्र बाल रवींद्राचा जीव गुदमरे. एका शाळेत रोज प्रारंभी सर्व मुलांकडून एक इंग्रजी गीत म्हणवून घेत. त्यातील एकाही शब्दाचा अर्थ मुलांना ठाऊक नव्हता. म्हणता म्हणता त्या शब्दांची अशी मोडतोड झाली, की ते गीत कोणत्याच भाषेतले राहिले नाही! परकी भाषा अर्थाविना घोकल्याने परके जग जवळ येत नाही, हे त्या बालकाने असे अनुभवले.

पुढे सेंट झेवियर्स या शाळेत त्याला फादर डी पेनेरांडा नावाचे एक स्पॅनिश शिक्षक भेटले. त्यांचे इंग्रजी उच्चार अडखळत येत, म्हणून मुले त्यांची फारशी पर्वा करीत नसत. एके दिवशी सर्व मुले लिहीत होती आणि रवींद्र लेखणी हातात धरून स्वस्थ बसला होता. फादर मागून आले. न रागावता त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रकृती बरी नाही का, अशी मायेने चौकशी केली. प्रसंग एवढाच, पण उतारवयापर्यंत रवींद्रनाथ त्या परदेशी गुरूचे स्मरण कृतज्ञतेने करीत.

1873 साली देवेंद्रनाथ आपल्या या धाकट्या मुलाला घेऊन हिमालयाच्या प्रवासाला निघाले. वाटेत बंगालमधील बोलपूरजवळ त्यांचा काही दिवस मुक्काम झाला. तेथील उजाड माळावर देवेंद्रनाथांनी थोडी जमीन घेऊन ध्यानासाठी एक घर बांधले होते. त्या जागेचे नाव शांतिनिकेतन. तेथून पिता-पुत्र अमृतसरला गेले. सुवर्णमंदिरात शीख भक्तांच्या मेळ्यात बसून देवेंद्रनाथ त्यांच्या भजनात आपला सूर मिळवीत. परप्रांतीय, परपंथीय पाहुणा आपली भजने गात आहे हे पाहून ते भक्त हरखून जात. अकरा वर्षांचा रवींद्र हे सारे पाहत होता.

सतराव्या वर्षी त्यांना विलायतेला पाठविण्याचे ठरले. तत्पूर्वी इंग्रजी चालीरीतींची ओळख व्हावी म्हणून ते 1878 साली मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले. डॉ. आत्माराम हे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक होते. विलायतेहून परतलेली त्यांची कन्या अन्नपूर्णा हिने या बंगाली तरुणाला इंग्रजी शिकविले. एका महाराष्ट्रीय घराने त्यांना असे परदेशाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचविले.

लंडनमध्ये ते स्कॉट नावाच्या डॉक्टरांच्या घरी राहावयास गेले. काळ्या वर्णाचा कोणी हिंदी तरुण घरात येणार, या कल्पनेनेच डॉक्टरांच्या दोन मुली घाबरल्या आणि नातेवाइकांकडे निघून गेल्या. पाहुणा निरुपद्रवी आहे अशी वार्ता कळल्यावरच त्या घरी परतल्या! पुढे त्याच घरात रवींद्रनाथ कुटुंबातील एक होऊन गेले. स्कॉटबाई त्यांना पोटच्या मुलासारखे वागवीत. माणसाला माणसाची भीती वाटते ती बहुधा ओळख नसल्यामुळे, आणि एका छपराखाली राहिल्याने ती जाते, हे सत्य त्यांच्या मनावर कोरले गेले.

हेच सत्य त्यांनी 1892 साली 'काबुलीवाला' या कथेत रंगविले. खांद्यावर झोळी घेतलेल्या उंच्यापुऱ्या अफगाण फेरीवाल्याला पाहून छोटी मिनी प्रथम भिऊन पळते. त्याच्या झोळीत मुले लपविलेली असतात असे तिला वाटते. पुढे दोघांची मैत्री जमते. कथेच्या अखेरीस कळते, की या फेरीवाल्यालाही दूर देशी मिनीएवढी एक मुलगी आहे आणि तिच्या इवल्या हाताचा ठसा त्याने कागदावर घेऊन उराशी जपला आहे. बंगाली पित्याला त्या क्षणी उमगते, की तोही पिता आहे आणि आपणही पिताच आहोत.

22 डिसेंबर 1901 रोजी रवींद्रनाथांनी शांतिनिकेतन येथे शाळा उघडली. प्रारंभी विद्यार्थी अवघे पाच. त्यांतला एक त्यांचाच मुलगा रथींद्रनाथ. आम्रवृक्षांच्या छायेत, मोकळ्या हवेत वर्ग भरत. प्राचीन तपोवनाचा आदर्श पुढे ठेवलेल्या या आश्रमात ब्रह्मबांधव उपाध्याय आणि रेवाचंद हे शिक्षक धर्माने ख्रिस्ती होते. तथापि आश्रमातील सर्वच प्रथा उदार नव्हत्या. आरंभीच्या काळात तेथेही जातिभेद पाळला जाई. ब्राह्मण मुलांच्या जेवणाची पंगत वेगळी बसे. रवींद्रनाथांनीही प्रथम या रूढीला हात लावला नाही. पण चिंतनाने आणि अनुभवाने त्यांचे विचार पालटत गेले, आणि आश्रमातील भेदाच्या भिंतीही हळूहळू ढासळत गेल्या. जगाला मैत्रीचा धडा देण्यापूर्वी आपल्या पंगतीतील अंतर मिटवावे लागते, हे त्यांना पटले.

शाळा चालविणे सोपे नव्हते. पैशाची चणचण नित्याचीच होती. पत्नी मृणालिनीदेवी यांनी आपले अलंकार शाळेसाठी दिले. 1902 साली त्या निवर्तल्या. पुढच्याच वर्षी कन्या रेणुका गेली, आणि 1907 साली धाकटा मुलगा शमींद्र पटकीने दगावला. दुःखाचे असे घाव सोसूनही रवींद्रनाथांनी शाळा सोडली नाही. 1913 साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी पतिसर येथील शेतकऱ्यांच्या पेढीत ठेविली. हेतू हा, की गरीब कुळांना कर्ज मिळावे आणि व्याजातून शाळेचा खर्च भागावा.

या सुमारास चार्ल्स अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन हे दोन इंग्रज गृहस्थ शांतिनिकेतनात शिक्षक म्हणून आले. हिंदुस्थानावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. राज्यकर्त्या जातीची ही माणसे धोतर नेसून मुलांबरोबर राहू लागली. पिअर्सन तर शेजारच्या संथाळ वस्तीत जाऊन तेथील मुलांना शिकवीत. इंग्रज म्हणजे केवळ हुकूम सोडणारा साहेब, ही समजूत त्या मुलांच्या मनातून पुसली गेली.

आणि मग कसोटीचा प्रसंग आला. 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकुमाने निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला आणि शेकडो माणसे ठार झाली. ज्या नगरात बालपणी त्यांनी वडिलांसह भजने ऐकली, तेच हे अमृतसर. रवींद्रनाथ अस्वस्थ झाले. 1915 साली इंग्रज सरकारने त्यांना 'सर' ही पदवी दिली होती. मे 1919 च्या अखेरीस व्हाइसरॉयला पत्र लिहून आपणांस या पदवीतून मुक्त करावे असे त्यांनी कळविले.

आता कोणासही वाटेल, की यानंतर शांतिनिकेतनाचे दार इंग्रजांना बंद झाले असेल. तसे घडले नाही. अँड्र्यूज आश्रमातच राहिले. इतकेच नव्हे, तर ते पंजाबात जाऊन पीडितांना भेटले. इंग्रज सत्तेचा निषेध करणारे रवींद्रनाथ आणि पंजाबचे अश्रू पुसणारे अँड्र्यूज, ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे त्या शाळेचे शिक्षण कळते. अन्यायाशी वैर आणि माणसाशी मैत्री, या दोन्ही गोष्टी एकाच हृदयात नांदू शकतात.

त्यानंतर देशभर असहकाराची चळवळ उसळली. परदेशी शिक्षणावरही बहिष्कार पडला. महात्मा गांधींविषयी रवींद्रनाथांना अपार आदर होता. 1915 साली गांधीजी शांतिनिकेतनात येऊन राहिलेही होते. परंतु पश्चिमेकडील ज्ञानाला दार लावावे हे रवींद्रनाथांना मान्य नव्हते. 1921 साली दोघांनी आपापली मते उघडपणे मांडली. मतभेद झाला, मैत्री मात्र अभंग राहिली. लोकमताचा ओघ उलट दिशेने वाहत असतानाच 23 डिसेंबर 1921 रोजी रवींद्रनाथांनी 'विश्वभारती' या संस्थेची विधिपूर्वक स्थापना केली. एका वैदिक वचनावरून तिचे ब्रीद घेतले होते. सारे विश्व जेथे एका घरट्यात येऊन राहते ते हे स्थान, असा त्याचा भाव. शांतिनिकेतनातील आपली मालमत्ता आणि आपल्या बंगाली ग्रंथांचे हक्क त्यांनी या संस्थेला देऊन टाकले.

घरटे उभारताच दूरदूरचे पक्षी येऊ लागले. फ्रान्सहून सिल्व्हाँ लेव्ही आले. त्यांनी तिबेटी आणि चिनी भाषांच्या अध्ययनाचा पाया घातला. त्यांच्या व्याख्यानांना साठीतील रवींद्रनाथ स्वतः श्रोते म्हणून बसत. इंग्लंडचे लेनर्ड एल्महर्स्ट यांनी 1922 साली सुरूल गावी शेतीसुधारणेचे आणि ग्रामसेवेचे काम उभारले. तेच पुढे श्रीनिकेतन म्हणून प्रसिद्धीस आले. नंदलाल बोस कलाभवनात चित्रकला शिकवीत. महाराष्ट्रातील भीमराव शास्त्री यांनी मुलांना शास्त्रीय संगीत शिकविले. 1929 साली जपानहून ताकागाकी आले. त्यांच्या हाताखाली मुलांप्रमाणे मुलीही ज्युदो शिकल्या. आश्रमात नाताळच्या दिवशी ख्रिस्ताचे स्मरण होई. सिल्हेटचे सय्यद मुजतबा अली येथेच शिकले आणि पुढे काबूलला जाऊन अध्यापक झाले. मिनीच्या मित्राच्या देशाला बंगालने जणू आपला शिक्षक धाडला!

1924 साली रवींद्रनाथ चीनमध्ये गेले. पुढे तान युन-शान या चिनी विद्वानाच्या परिश्रमाने 1937 साली विश्वभारतीत 'चीनभवन' उभे राहिले. त्याच वर्षी जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. जपानशी रवींद्रनाथांचा जुना स्नेह होता. योने नोगुची या जपानी कवीने 1938 साली पत्र लिहून जपानच्या युद्धाचे समर्थन केले, तेव्हा रवींद्रनाथांनी मित्राची भीड न धरता त्या आक्रमणाचा कठोर निषेध केला. एकोणीस वर्षांपूर्वी इंग्रज सत्तेला लावलेली कसोटी त्यांनी स्नेह्यांच्या राष्ट्रालाही लावली.

संस्थेची झोळी मात्र नेहमी रिकामीच राही. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरही हे वृद्ध कवी विद्यार्थ्यांसह गावोगावी नृत्यनाट्याचे प्रयोग करून निधी जमवीत. 1936 साली दिल्लीत गांधीजींना हे कळले. या वयात त्यांनी असे फिरावे हे गांधीजींना पाहवेना. त्यांनी एका दात्याकडून 60,000 रुपये मिळवून दिले. 1940 साली गांधीजी पुन्हा शांतिनिकेतनास आले, तेव्हा विश्वभारतीचा सांभाळ करावा अशी विनंती रवींद्रनाथांनी त्यांना केली. त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाने शांतिनिकेतनात समारंभ करून त्यांना सन्माननीय पदवी दिली. रवींद्रनाथांनी त्या सन्मानाचा स्वीकार संस्कृत भाषणाने केला. बालपणी अर्थहीन इंग्रजी गीत म्हणावे लागलेल्या मुलाने जगाशी स्वतःच्या परंपरेच्या भाषेत संवाद साधला, तोही पूर्ण स्नेहाने.

7 ऑगस्ट 1941 रोजी जोडासाँकोच्या त्याच वाड्यात त्यांची प्राणज्योत मालवली. स्वतंत्र भारताने 1951 साली विश्वभारतीस केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा दिला. विश्वभारतीवरूनच स्फूर्ती घेऊन आपल्या साने गुरुजींनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात आणि प्रांताप्रांतांत स्नेह वाढावा, हा तिचा उद्देश. 2023 साली युनेस्कोने शांतिनिकेतनाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

आपल्या वर्गातही कधी परप्रांतातून आलेला एखादा मुलगा असतो. त्याची बोली निराळी असते, त्याच्या डब्यातला पदार्थ अनोळखी असतो, आणि मधल्या सुट्टीत तो एकटाच बसलेला दिसतो. त्याच्याशेजारी जाऊन बसणे, त्याचे चार शब्द शिकणे आणि कोणी त्याला हिणविले तर ते सहन न करणे, एवढे तर आपल्या हाती आहे. रवींद्रनाथांचे घरटे काडीकाडीनेच बांधले गेले होते.