लोकमान्य, कलम १५३-अ आणि पालघर

पश्चिम रेल्वेवर बोईसरच्या अलीकडे असलेल्या पालघरचे नाव नोव्हेंबर २०१२मध्ये देशभर पोहोचले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि त्यास पसंती देणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली. आरोपांत वर्गावर्गांत द्वेष पसरविल्याचे कलमही होते. प्रत्यक्ष मोडतोड मात्र जमावाने, तिच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची केली. शब्द गुन्हा केव्हा ठरतात, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नव्हता. लोकमान्य टिळकांचे आयुष्य त्याच प्रश्नाशी झुंजण्यात गेले.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी सहकाऱ्यांसह १८८१मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू केली. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांना आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८९७मध्ये पुण्यातील प्लेगच्या जुलमी बंदोबस्तावर त्यांनी कठोर टीका केली. रँडच्या हत्येनंतर त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीपुढे मांडला. शिक्षा झाली दीड वर्षाची.

१८९८मध्ये सरकारने राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक केले आणि वर्गावर्गांतील वैरभावासाठी १५३-अ हे नवे कलम आणले. १९०८मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणावरील अग्रलेखांबद्दल टिळकांवर ही दोन्ही कलमे लावण्यात आली. न्यायासनावर होते न्या. दावर, १८९७मध्ये बॅरिस्टर या नात्याने त्यांनीच टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरविले. राजद्रोहासाठी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि १५३-अ खाली एक हजार रुपये दंड झाला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहून टिळक १९१४मध्ये परतले.

स्वराज्यावरील भाषणांबद्दल १९१६मध्ये त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला. बॅ. जिना यांनी बाजू मांडली. सुट्या वाक्यांऐवजी भाषणांचा समग्र आशय पाहून उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

टिळकांची लेखणी सौम्य नव्हती. संमतिवयाच्या वादात सुधारकांनी तिचे घाव सोसले. १८९३च्या दंग्यांनंतरच्या त्यांच्या भूमिकेने हिंदू-मुस्लिमांतील दुरावा वाढला, असा आक्षेपही अभ्यासक घेतात. म्हणूनच कसोटी वक्त्याच्या लोकप्रियतेची असून चालत नाही.

राज्यघटनेने अनुच्छेद १९(१)(अ)मध्ये अभिव्यक्तीचा हक्क दिला आणि १९(२)मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्यास चिथावणी अशा मर्यादाही घातल्या. पालघरमधील अटकेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. चर्चा आणि समर्थन, मग ते कितीही अप्रिय असो, हक्काच्या कक्षेत येतात. चिथावणीपाशी बंधन सुरू होते, हा भेद त्या निकालाने स्पष्ट केला.

१५३-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम १९६ म्हणून नांदते आहे. एखाद्या समाजाविरुद्ध हिंसेस प्रवृत्त करणाऱ्यास रोखण्यासाठी असे कलम हवेच. पण ज्याच्या हाती ते असेल, त्याने प्रथम पाहावे की शब्दांनी हिंसा पेटविली की केवळ कोणाचा तरी संताप. हा भेद विसरला की मंडाले काय अन् पालघर काय, बंदिवास बोलणाऱ्याच्याच वाट्याला येतो.