पंडिता रमाबाई : निराधारांची आई

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. ऐन उमेदीच्या वयात दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. धर्मांतरामुळे आपल्याच लोकांची टीका झाली, तरी काम सुटलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या, केडगावला आसरा दिला. नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. लिहिणं-वाचणं, विणकाम, छपाई, शेतीही शिकवली. १९२२ मध्ये त्या गेल्या. मुलांना दया शिकवताना एवढं जरूर सांगू या : भुकेल्याला घास द्यावा, आणि उद्या तो स्वतः कमवेल असं कामही हाती द्यावं.